तबकवालीचं नाटक

राजाला पाठ दाखवायची नाही, ही दासीचं काम करणाऱ्या नटीला मिळणारी पहिली ताकीद. तबक घेऊन यायचं, मान खाली घालून ते पुढं करायचं, राजानं त्यातला पेला उचलून परत ठेवला की मागं मागं चालत विंगेत जायचं. ऐकायला सोपं वाटतं ना? करून बघा. पायांत घोळणारा पोशाख, हातात तबक, नजर राजाच्या गुडघ्यांवर, आणि पाठीला काही डोळे नसतात. मग टाचेनं वाट शोधायची. आमच्याकडे गालिच्याच्या कडेला आतून सुतळी शिवून घेतात. टाचेला ती लागत राहिली की समजायचं, आपण सरळ चाललोय. सुतळी सुटली की तुम्ही गेलात पडद्यात, आणि प्रेक्षक हसतात ते वेगळंच.

मी हे काम उभी हयात केलं. नाटकधंद्यात मला नावानं कुणी ओळखत नाही, तबकवाली म्हणतात. आणि माझा नवरा राजा. म्हणजे रंगमंचावर. आवाज असा की शेवटच्या रांगेत डुलकी घेणारा माणूसही दचकून उठावा. घरी हाच माणूस कांदा चिरताना रडतो आणि झुरळ दिसलं की मला हाका मारतो. घरात मी त्याला अरे-तुरे करते आणि संध्याकाळी त्याच्यापुढं वाकते. लग्नाला इतकी वर्षं झाली, दोघांपैकी कुणाचंच काही बिघडलं नाही.

तबक घेऊन उभं राहिलं की दुसरं काम नसतं. राजे बोलत असतात. लढाया, वचनं, तलवारी. आणि मी कडेला उभी राहून मनात म्हणायची, बाबा रे, हे सगळं ठीक आहे, पण तुला झोप लागते का? तुझी बायको तुझ्याशी बोलते का? या गोष्टी ज्यांना माहीत असतात त्यांच्या हातात तबक असतं आणि तोंडाला कुलूप. एक दिवस माझं डोकं फिरलं आणि घरी येऊन मी लिहायलाच बसले. पहिलं नाटक अंधाराला घाबरणाऱ्या एका राणीवर. दुसरं एका राजपुत्रावर, त्याला गादी नको होती आणि ते कुणाला सांगता येत नव्हतं. शाळांच्या सभागृहांत, पतपेढीच्या माडीवर, जिथं जागा मिळाली तिथं प्रयोग केले. लोकांना आवडली. धंद्यातल्या शहाण्यांनी नाकं मुरडली, तबकवाली आता राजघराण्यांवर लिहिते म्हणे. म्हटलं, हो, लिहिते. तुम्ही राजे समोरून पाहिलेत, मी कडेनं पाहिलेत.

तिसरं नाटक मात्र मी आमच्याच शहराच्या शेवटच्या राजावर लिहिलं, आणि तिथून सगळं सुरू झालं.

शहरात तापाची साथ आली तेव्हा या राजानं किल्ल्याचे दरवाजे लावून घेतले. आतले आत राहिले, बाहेरचे बाहेर मेले. हे इथं सगळ्यांना माहीत आहे, कुणी मोठ्यानं बोलत नाही एवढंच. राजघराण्याची माणसं सांगतात की दरवाजे प्रधानानं लावले, राजाला पत्ताच नव्हता. प्रधान कधीच मेला, त्याच्या नावावर काय वाट्टेल ते खपतं. राजाला लहानपणी अंगावर पाजणारी एक दाई होती, ती त्या दिवशी आत होती आणि तिची लेक बाहेर. एकाच दुधावर वाढलेली दोघं, एकानं दुसरीवर दरवाजा लावला. माझ्या नाटकात ती दाई रोज संध्याकाळी राजाला दुधाचा पेला आणून देते. शेवटच्या प्रवेशात ती पेला ठेवते आणि म्हणते, “आम्ही तुमच्या मिठाला जागलो, महाराज. तुम्ही माझ्या दुधाला कधी जागणार?”

या एका ओळीसाठी मी अख्खं नाटक लिहिलं होतं. बाकीचे दोन अंक म्हणजे तिथवर जायचा जिना.

आता अडचण अशी की शहरात धड नाट्यगृह एकच, आणि ते राजघराण्याच्या विश्वस्त संस्थेचं. तिथं नाटक लागलं की ते नाटक, आणि तुम्ही लेखक. नाही लागलं तर तुम्ही हौशी. माझं वय हौशी असायचं नाही. हे पडलं असतं तर मला पुन्हा कुणी लिही म्हणालं नसतं, आणि माझं तबक खुंटीवर माझी वाट बघत होतंच.

संस्थेचा कारभार राजाचा पणतू बघतो. त्याला सगळे राजेसाहेब म्हणतात. राज्य जाऊन जमाना झाला, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. माणूस मात्र वाईट नाही, खोटं कशाला बोलू. शिकलेला, हळू बोलणारा, बसा म्हणणारा. त्यानं मला त्याच्या खोलीत बोलावलं तेव्हा टेबलावर माझी संहिता होती आणि तिच्यावर शिसपेन्सिलीच्या रेघा होत्या. इतक्या हलक्या, की खोडरबरानं पुसून जाव्यात. भिंतीवर पणजोबा, घोड्यावर बसलेले.

त्याचं म्हणणं असं की नाटक उत्तम आहे, त्याला दोनदा गहिवरून आलं, फक्त शेवटच्या प्रवेशात दाई जे बोलते ते काढावं. सगळं. मी म्हटलं, ती ओळ जाणार नाही. तो म्हणाला, मग सभागृह मिळणार नाही. मी म्हटलं, दरवाजे लावायची तुमच्या घराण्याला सवयच आहे. उचलली जीभ लावली टाळ्याला, पण लावली खरी. तो हसला नाही, चिडलाही नाही. आमचं बराच वेळ चाललं. मी प्रधानाची बाजू घेतली, दाईची घेतली, बाहेर मेलेल्यांची घेतली. तो प्रत्येक वेळी म्हणायचा, बाई, तुमचं बरोबर आहे, पण ती ओळ नको. शेवटी मी उठले आणि सांगून टाकलं, की तुमचं सभागृह तुम्हाला लखलाभ.

आणि निघाले. आणि निघाले ती कशी, तर मागं मागं!

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. समोर खुर्चीत बसलेला माणूस, त्याच्या पाठीशी राजाचं चित्र, पायाखाली गालिचा. माझ्या टाचांनी मला विचारलंसुद्धा नाही. तोंडानं मी तणतणत होते आणि पाय माझे दासीचे. नजर त्याच्या गुडघ्यांवर, टाच सुतळी शोधतेय. दरवाज्याची मूठ पाठीत खुपली तेव्हा मला कळलं मी काय करतेय ते.

राजेसाहेबांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. अगदी मनापासून. तो म्हणाला, “तुम्ही समजूतदार आहात, बाई. मला खात्री होती.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिना कसा उतरले, रस्ता कसा ओलांडला, देवाला ठाऊक. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो आधी पोट धरून हसला आणि मग माझं तोंड बघून उठला. चहा टाकला. आपण पुन्हा शाळांच्या सभागृहांत करू, म्हणाला, त्यात काय. त्याची ही समजूत घालायची पद्धत मला माहीत आहे. तो सांगतो त्यात काय, आणि स्वतः रात्रभर छताकडे बघत पडतो. त्या मोठ्या रंगमंचावर हा राजा करायचं त्यानं किती मनावर घेतलं होतं ते मला दिसत नव्हतं का?

चहा पिता पिता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी इतका वेळ भांडले त्याचं त्या माणसाला काहीही वाटलं नाही. चार गोष्टी लागट बोलले, त्याही त्यानं गिळल्या. पण माझी पावलं बघितली आणि त्याला वाटलं, जिंकलो. शब्द कुणी ऐकलेच नव्हते. मी नटी आहे आणि ही गोष्ट मला चहाच्या कपात सापडावी, याचीही मला लाज वाटली.

मी राजेसाहेबांना निरोप पाठवला की सगळ्या काटछाटी मान्य.

नवऱ्यानं ते ऐकलं. दिवसभर माझ्याशी नुसतं हो-नाही. संध्याकाळी कपडे वाळत घालताना एवढंच म्हणाला, “तू ऐकशील असं वाटलं नव्हतं गं.” मला ते चांगलंच लागलं. सांगून टाकावंसं वाटलं. पण त्याच्या पोटात काही राहत नाही, आणि पोटापेक्षा वाईट म्हणजे त्याचा चेहरा. राजाला जे माहीत नसायला हवं ते माझ्या नवऱ्याच्या भुवया आधीच सांगून टाकतात. मी मूग गिळून बसले.

दाईचं काम करणाऱ्या ज्येष्ठ बाई होत्या, त्या तर दुसऱ्याच दिवशी सोडून गेल्या. त्यांचंही बरोबर होतं. शेवटच्या प्रवेशात येऊन पेला ठेवून निघून जायचं, तर माझीच गरज काय, म्हणाल्या, कुणीही तबकवाली चालेल. हे बोलल्यावर त्यांनी जीभ चावली. मी म्हटलं, नाही बाई, अगदी बरोबर बोललात. आणि दाईचं काम मी स्वतः घेतलं.

तालमी सुरू झाल्या. दाईच्या मागं चार दासी, चौघी नवीन पोरी, कॉलेज संपवून आलेल्या. त्यांना मागं चालायला शिकवता शिकवता माझ्या नाकी नऊ आले. एकमेकींच्या पायांत पाय, तबकं खाली, हसणं. शेवटी मी त्यांना एकच गोष्ट घोटून घोटून सांगितली. डोकं चालवायचं नाही, माझ्याकडे बघायचं. मी थांबले की थांबा, मी वाकले की वाका, मी जशी जाईन तशा जा. नाटकभर हेच. राजा हाक मारतो, “कोण आहे रे तिकडे?” आणि आम्ही पाची जणी येतो, पेला देतो, मागं मागं जातो. दोन अंकांत प्रेक्षकाला त्याची इतकी सवय होते की तो आमच्याकडे बघतसुद्धा नाही. शेवटच्या प्रवेशाची तालीमही तशीच केली. यायचं, ठेवायचं, मागं मागं जायचं. राजेसाहेब एकदा येऊन बघून गेले आणि समाधानानं मान हलवली.

पहिल्या प्रयोगाला सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत राजेसाहेब, शेजारी त्यांची म्हातारी आई, ताठ बसलेली. राजेसाहेबांच्या मांडीवर संहिता. ओळीवर बोट ठेवून तो बघत होता, मी विंगेतून बघितलं. एक अक्षर इकडचं तिकडं झालं असतं तर त्यानं तिथल्या तिथं पडदा पाडला असता.

नाटक रंगलं. माझा नवरा असा उभा राहिला, असा बोलला, की मला त्याचा खरंच राग आला. दरवाजे लावायचा हुकूम झाला, तो मी ठेवलाच होता आणि राजेसाहेबांनी तो कसा काय राहू दिला कोण जाणे. बहुधा राजेसाहेबांच्या मते हुकूम प्रधानानं वाचून दाखवला की राजा सुटला. बाहेरून दारावर मारलेल्या थापा ऐकू आल्या. मग थापा थांबल्या. राजा सिंहासनावर बसला आणि म्हणाला, कोण आहे रे तिकडे?

आम्ही गेलो. माझ्या हातात तबक, तबकात दूध. मी त्याच्यासमोर उभी राहिले. इथं ती ओळ होती. ती मला तोंडपाठ होती, ओठांवर आली होती, आणि मी ती गिळली. पेला उचलायला राजाचा हात पुढं आला. मी तबक त्याच्या हातापर्यंत नेलंच नाही. खाली वाकले आणि ते जमिनीवर ठेवलं. मग सरळ उभी राहिले, माझ्या नवऱ्याच्या, माझ्या राजाच्या डोळ्यांत बघितलं, आणि वळले.

त्याला पाठ केली आणि चालायला लागले.

सभागृहात कुणीतरी श्वास आत ओढला. एकानं नाही, सगळ्यांनी. दोन अंक त्यांनी आम्हाला मागं मागं जाताना पाहिलं होतं, कुणी लक्ष दिलं नव्हतं, आणि आता एक म्हातारी सरळ चालतेय एवढ्यानं ते खुर्चीत पुढं सरकले. मला मागचं दिसत नव्हतं. पण गालिच्यावर पावलं वाजली. एक, मग दुसरी. पोरींना मी काही सांगितलं नव्हतं. मी जशी जाईन तशा जा, एवढंच त्या शिकल्या होत्या. एकेकीनं तबक खाली ठेवलं, वळली, आणि माझ्यामागून चालत आली.

विंगेत शिरल्यावर मी मागं बघितलं. राजा एकटा होता. माझ्या नवऱ्याला पुढचं वाक्य होतं, दिवे मोठे करा, असलं काहीतरी. ते तो विसरला. त्यानं आमच्या दिशेला बघितलं, त्याच्या समोर जमिनीवर पाच तबकं, आणि मग त्याला समजलं. तो घरचा कांदा चिरणारा माणूस नव्हता त्या क्षणी. त्यानं सगळा आवाज बाजूला ठेवला आणि आजवर कुठल्याही राजानं मारली नसेल अशी हाक मारली, हळू, अगदी हळू.

“कोण आहे रे तिकडे?”

माझ्या शेजारची पोर सवयीनं निघाली. मी तिचं मनगट धरलं. कुणी गेलं नाही. त्यानं पुन्हा हाक मारली नाही. त्याच्या ओठांवर दूध नाही, समोर माणूस नाही, आणि भरलेल्या सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. मग पडदा पडला.

टाळ्या फार उशिरा सुरू झाल्या आणि थांबता थांबेनात. नवरा विंगेत आला, मुकुट काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, मला सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? मी म्हटलं, तुझ्या भुवया. त्यावर तो रडायला लागला, आणि तिथं कांदा नव्हता.

राजेसाहेब भेटायला आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावणं आलं. नवरा म्हणाला, मीही येतो. मी म्हटलं, तू नाट्यगृहावर जा आणि आपलं सिंहासन टेम्पोत चढवून घे.

तीच खोली. तेच पणजोबा घोड्यावर. राजेसाहेबांचे डोळे जागरणाचे होते. मला वाटलं होतं ओरडेल, पण तो ओरडणाऱ्यातला नाहीच. त्यानं संहिता माझ्यासमोर सरकवली. शेवटच्या पानावरच्या रेघा पुसलेल्या होत्या, खोडरबराचा चुरा अजून कागदावर होता. मी बघतच राहिले. म्हणाला, आईसाहेब कालपासून बोललेल्या नाहीत, जेवलेल्या नाहीत. म्हणाला, नाटक चांगलं आहे, हवं तितकं चालवा, सभागृह तुमचं. मग तो चुरा हातानं झटकला.

“ती ओळ परत घाला, बाई. हवं तर आणखी चार वाक्यं घाला. पण जाताना मागं मागं जा.”

त्या ओळीसाठी मी नाटक लिहिलं होतं. ती त्यानं माझ्यासमोर ठेवली होती, स्वतःच्या हातानं रेघा पुसून, आणि वर सभागृह. कुणीही लेखक काय म्हणेल? खोटं का सांगू? मोह झाला मला. मोठा रंगमंच, माझा राजा, माझी ओळ, मोठ्यानं बोललेली.

मी त्याला विचारलं, ओळ चालते आणि पाठ चालत नाही, असं का? तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, बोललेलं लोक विसरतात.

मग मी उठले. संहिता त्याच्याच टेबलावर राहू दिली, मला ती पाठ आहे. म्हटलं, राजेसाहेब, आजपासून आम्ही शाळांच्या सभागृहांत करू, पतपेढीच्या माडीवर करू, गोदामात करू. जिथं करू तिथं ती ओळ नसेल. ती तुम्ही खोडलीत, तशीच खोडलेली राहील. आणि लोक तुम्हाला विचारतील की इथं का नाही लागत, तेव्हा तुम्ही प्रधानाचं नाव सांगा.

टाचा आपसूक उचलल्या गेल्या. मी त्यांना दाबून धरलं. गालिचा तोच होता, चित्र तेच, खुर्चीतला माणूस तोच, आणि माझ्या पायांना दुसरं काही येत नव्हतं. मग मी वळले.

या खोलीचा दरवाजा मी तोवर नीट पाहिलाच नव्हता, मागच्या खेपेला तो माझ्या पाठीशी होता. साधा दरवाजा होता, खालच्या बाजूला रंग उडालेला. मागून तो काहीतरी म्हणाला, बहुतेक बाई, थांबा, असं. मी सरळ चालत गेले, मूठ फिरवली आणि बाहेर पडले. दरवाजा मी उघडाच ठेवला.